लहान मुलांना तबला शिकवण्याचा क्रम : आधी तोंड, मग टाळी, मग पुडी

दीड-दोन वर्षे कुठेतरी तबला शिकून आलेले मूल माझ्याकडे येते, तेव्हा मी त्याला लगेच वाजवायला बसवत नाही. तीनतालाचा ठेका (तालाचे ठरलेले बोल) हाताने टाळी देत तोंडाने म्हणायला सांगतो. पुष्कळ मुले नवव्या मात्रेपाशी, म्हणजे जिथे काल (टाळीऐवजी हात मोकळा सोडण्याची जागा) येतो तिथे, अडखळतात. हात मात्र केहरवा ताल भरधाव वाजवत असतात. अशा मुलाची बोटे सुधारायला जितका वेळ लागतो, तितका कोऱ्या हाताच्या मुलाला शिकवायलाही लागत नाही. चूक बहुतेक वेळा शिकवण्याच्या क्रमात झालेली असते : जे तोंडात यायला हवे होते, ते आधी हातात आलेले असते.

हा लेख सहा ते नऊ वर्षांच्या मुलाच्या पहिल्या वर्ष-दीड वर्षापुरता आहे. गुरूंकडे आठवड्यातून एक-दोनदा जाणाऱ्या मुलाच्या घरी उरलेल्या दिवसांत काय घडावे आणि काय घडू नये, हे पालकांना कळावे आणि नव्याने शिकवू लागलेल्या शिक्षकांनाही क्रम पडताळून पाहता यावा, यासाठी तो लिहिला आहे. एक गोष्ट आधीच सांगतो : बोलांचा (‘धा’, ‘ना’ अशा तबल्याच्या अक्षरांचा) निकास, म्हणजे कोणता बोल कोणत्या बोटाने कुठे वाजवायचा, हे घराण्यागणिक आणि गुरूगणिक बदलते. मी पुढे जे सांगितले आहे, ते आणि तुमच्या गुरुजींनी सांगितलेले यांत फरक आढळला, तर गुरुजींचे ऐकावे. दोन पद्धतींची सरमिसळ ही कोणत्याही एका पद्धतीपेक्षा वाईट असते.

पूर्वतयारी : वाद्य, जागा, वेळ

वय. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला पुडीवर (तबल्याच्या तोंडावरच्या ताणलेल्या चामड्यावर) बसवू नये, असे माझे मत आहे. त्याची अनामिका स्वतंत्रपणे दाबून ठेवण्याइतकी तयार नसते आणि मग ते मूल सगळ्या पंजाने थापा मारू लागते. त्या वयात टाळी, बोल म्हणणे आणि ऐकणे एवढेच करावे. ते वाया जात नाही, कारण पहिला टप्पा तोच आहे.

वाद्य. प्रदर्शनात किंवा जत्रेत मिळणारा खेळण्यातला छोटा तबला घेऊ नये. त्याच्या पुडीवरची शाई (काळा गोल) नुसता काळा लेप असतो, थर देऊन घोटलेली नसते. त्यामुळे बोट बरोबर पडले काय आणि चुकीचे पडले काय, आवाज एकच येतो. मुलाला चूक ऐकूच येणार नसेल, तर ते ती सुधारणार कसे? खरा तबला घ्यावा, तोंडाचा व्यास साडेपाच इंचांच्या आसपास असावा आणि तो पांढरी एक किंवा काळी एकला (पेटीवरच्या या सुरांना) लावून घ्यावा. याहून लहान तोंडाचा, टिपेचा तबला मुलांसाठी सोपा असतो हा समज खरा नाही. त्याची पुडी फार ताणलेली असते आणि कोवळ्या बोटांना ती दगडासारखी लागते. डग्गा (जोडीतले डाव्या हाताचे वाद्य) मात्र वजनदार पाहावा. तो हलका असला, तर ‘गे’ या त्याच्या बोलाबरोबर दर वेळी जागचा सरकतो आणि मूल तो गुडघ्याने धरून ठेवण्याच्या नादात बैठक बिघडवते.

विकत घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासाव्यात. पुडीच्या कडेला गजऱ्यालगत (चामड्याच्या वेणीलगत) १६ घरे, म्हणजे समान भाग, असतात. प्रत्येक घरासमोर चाटेवर (पुडीच्या बाहेरच्या कडपट्टीवर) तर्जनीने हलकेच वाजवून सगळीकडे एकच सूर येतो का ते ऐकावे. दुसरे, शाईवर बोट फिरवून पाहावे. बारीक भेगांची जाळी असणे स्वाभाविक आहे, पण बोटाला काळी पूड लागली किंवा कुठे टवका उडालेला दिसला, तर ती पुडी घेऊ नये.

डावखुरे मूल. तबला डाव्या हाताला आणि डग्गा उजव्या हाताला ठेवून वाजवणारे वादक असतात, त्यात काही गैर नाही. मात्र हा निर्णय पहिल्या महिन्यात गुरुजींशी बोलून एकदाच करावा. सहा महिन्यांनी हात बदलायला लावणे हा मुलावर अन्याय आहे.

वेळ. सात वर्षांच्या मुलासाठी दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे पुरतात. रविवारी सलग एक तास बसवून आठवड्याची भरपाई करू नये. बोटांची सवय रोजच्या थोड्या सरावाने लागते आणि थकलेला हात चुकीचीच सवय पक्की करतो. जेवणानंतर लगेच, किंवा बाहेर मुले खेळत असताना, रियाजाची वेळ ठेवू नये.

तपासणी : सुरुवात करण्याआधी मुलाची नखे कापलेली आहेत ना, हे पाहावे. वाढलेले नख मुलाला बोट नकळत उताणे ठेवायला लावते आणि पुडीही ओरखडते.

टप्पा १ : तोंड आणि टाळी (पहिले तीन ते चार आठवडे)

या टप्प्यात तबला गवसणीतच राहतो. पालकांना हे सर्वांत अवघड जाते, कारण नवे वाद्य घरात आलेले असते आणि आजी-आजोबांना ते ऐकायचे असते. मुलाला वाद्याला हात लावू द्यावा, ते वाजवूनही पाहू द्यावे, पण शिकणे म्हणून नव्हे.

तीनतालाचा ठेका १६ मात्रांचा आणि चार-चार मात्रांच्या चार खंडांचा आहे :

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

पहिल्या मात्रेवर सम, म्हणून टाळी. पाचव्या आणि तेराव्या मात्रेवर टाळी. नवव्या मात्रेवर काल, म्हणून हात उताणा करून बाजूला न्यायचा. मधल्या मात्रा उजव्या हाताच्या अंगठ्याने त्याच हाताच्या करंगळी, अनामिका आणि मधल्या बोटावर मोजायच्या. क्रम असा ठेवावा :

(अ) फक्त एक ते सोळा आकडे म्हणत टाळी आणि काल. (आ) आकड्यांच्या जागी बोल. (इ) मोठ्या माणसाने बोल म्हणायचे आणि मुलाने नुसती टाळी द्यायची, मग अदलाबदल. (ई) चालत चालत, पावलागणिक एक मात्रा धरून बोल म्हणणे. पायाला मात्रा मिळाली की लय डोक्यातून अंगात उतरते. लहान मुलांच्या बाबतीत हा उपाय मला सर्वांत भरवशाचा वाटत आला आहे.

लयीबद्दल एक सूचना. ‘सावकाश शिकवा’ याचा अर्थ अगदी ठाय, म्हणजे संथ, लयीत शिकवा असा घेऊ नये. दोन मात्रांमधले लांब अंतर सांभाळणे लहान मुलांना जलद लयीपेक्षा कठीण जाते. ती अधीर होतात आणि पुढची मात्रा आधीच टाकतात. मिनिटाला ७० ते ८० मात्रांची लय सुरुवातीला बरी. त्याहून संथ लय पुढे, सहा महिन्यांनंतर आणावी.

तपासणी : मूल ठेका म्हणत असताना मध्येच थांबवून ‘आता कितवी मात्रा?’ असे विचारावे. उत्तर देण्यासाठी ते पहिल्यापासून मोजू लागले, तर हा टप्पा संपलेला नाही. ‘काल गेला, आता दुसरा तिं’ असे काहीतरी ते सांगू शकले, तर पुढे जावे.

टप्पा २ : बैठक आणि हात ठेवणे, आवाज न काढता

मांडी घालून, पाठ सरळ, तबला उजव्या आणि डग्गा डाव्या गुडघ्यासमोर. दोन्ही आपापल्या चुंबळीवर. तबला किंचित पुढच्या बाजूला कललेला, डग्गा जवळजवळ सपाट. इथपर्यंत सगळेच सांगतात. मुलांच्या बाबतीत जे राहून जाते, ते म्हणजे उंची.

एक सात वर्षांची मुलगी होती. तिचा ‘ना’ हा बोल काही केल्या घुमेना, नुसते ‘ठक’ व्हायचे. मी तिची तर्जनी तपासली, अनामिका तपासली, दोन आठवडे तेच. मग एकदा तिच्या बाजूला जमिनीवर बसून पाहिले, तेव्हा ध्यानात आले की तबल्याचे तोंड जवळजवळ तिच्या छातीपर्यंत येत होते. हात पुडीवर ठेवायला तिला मनगट वर मोडावे लागे आणि मनगट वर मोडले की अनामिका आपोआप उचलली जाते. तिच्या खाली घडी केलेली सतरंजी आणि त्यावर एक चादर ठेवली. मनगट आणि कोपर एका पातळीत आले आणि त्याच दिवशी ‘ना’ला आस (लांबणारा नाद) आली. तेव्हापासून कोणत्याही मुलाची बोटे तपासण्याआधी मी त्याचे आसन तपासतो.

उजवा हात : अनामिका शाईच्या कडेवर हलकी टेकलेली, करंगळी तिच्या जवळ, मधले बोट वर, तर्जनी चाटेच्या दिशेने मोकळी. डावा हात : डग्ग्याची शाई मध्यभागी नसते, एका कडेला असते, तिच्या अलीकडच्या रुंद मैदानावर मनगटाची गादी टेकवावी आणि बोटे शाईच्या पलीकडे कमानीसारखी उभी राहावीत. डग्गा फिरवून शाईची दिशा ठरवणे हे पालकांचे काम. मूल दर वेळी तो वेगळाच ठेवते आणि मग आवाज का बदलला हे कुणाला कळत नाही. चुंबळीवर आणि डग्ग्यावर खडूने समोरासमोर एक-एक खूण करून ठेवली, तर रोजचा घोळ वाचतो.

हात असे ठेवून मुलाने टप्पा १ मधला ठेका तोंडाने म्हणायचा. बोटे हलवायची नाहीत. दिवसातून तीन-चार आवर्तने (तालाचे पूर्ण फेरे), आठवडाभर.

सावधान : खांदे वर चढलेले दिसले, तर तिथेच थांबावे. चढलेल्या खांद्यांनी केलेला रियाज पुढे मनगटाच्या दुखण्यापर्यंत जातो.

टप्पा ३ : एकेक बोल

क्रम महत्त्वाचा आहे. मी पुढील क्रमाने जातो आणि एका आठवड्यात एकाहून अधिक नवा बोल देत नाही.

ना (ता). तर्जनी चाटेवर पडते आणि पडताक्षणी परत उठते. अनामिका जागची हलत नाही. या बोलात मुले दोन चुका करतात. एक तर तर्जनी चाटेवर चिकटून राहते, त्यामुळे नाद मरतो. किंवा जोर काढण्यासाठी सगळा पंजा उचलला जातो आणि अनामिका सुटते. पहिल्या चुकीसाठी मुलाला ‘गरम तव्याला बोट लागल्यासारखे’ असे सांगितले की पुरते. दुसरीसाठी पालकाने आपले एक बोट मुलाच्या अनामिकेवर अगदी हलके ठेवून दहा वेळा ‘ना’ वाजवून घ्यावा.

गे. मनगट टेकलेले, मधले बोट आणि अनामिका (किंवा गुरुजी सांगतील तसे) कमानीतून पडून उठतात. मुलांना डग्गा आवडतो, म्हणून ती त्यावर धपाटे घालतात. मनगट सरकवून काढलेली घुमारदार मींड तर त्यांना जादूच वाटते आणि ती लगेच तेच करू लागतात. पहिले सहा महिने मनगट सरकवू देऊ नये. साधा, सरळ, एका जागचा ‘गे’ आधी.

के (क). डावा हात डग्ग्यावर सपाट, बंद आवाज. हा सोपा आहे, यावर रेंगाळण्याचे कारण नाही.

ते-टे. हे दोन्ही बंद बोल शाईच्या मध्यावर : ‘ते’ मधले बोट आणि अनामिका मिळून, ‘टे’ तर्जनीने. (काही घराण्यांत हे उलट असते.) इथली नेहमीची चूक अशी की ‘ते’ जोरात आणि ‘टे’ पडका येतो, कारण तर्जनी एकटी असते. दोन्हींचे वजन सारखे यावे, यासाठी सुरुवात उलटी करून ‘टे-ते, टे-ते’ असेही म्हणून वाजवून घ्यावे.

तिं आणि तू. ‘तिं’मध्ये अनामिका टेकलेली आणि तर्जनी चाटेऐवजी लवेवर (चाट आणि शाई यांमधल्या भागावर), शाईच्या कडेशी, हलक्या हाताने. ‘तू’मध्ये बाकी सगळी बोटे उचललेली आणि पुडी पूर्ण मोकळी. मुले या दोन्हींत गोंधळतात. अनामिका टेकली की तिं, उठली की तू, एवढा एकच फरक त्यांना दाखवावा.

धा आणि धिं. ना आणि गे एकत्र म्हणजे धा. तिं आणि गे एकत्र म्हणजे धिं. दोन्ही हात तयार झाल्याखेरीज हे देऊच नयेत.

तपासणी : पालकांनी डोळे मिटून मुलाचा ‘धा’ ऐकावा. एकच भरीव आवाज आला, तर ठीक. ‘ग्ना’ असे काहीतरी कानी पडले, तर डावा हात आधी पोचतो आहे. उपाय : दोन्ही हात पुडीवर टेकवायचे, ‘एक’ म्हणताना दोन्ही एकदम उचलायचे, ‘धा’ म्हणताना दोन्ही एकदम टाकायचे. उचलणे एकत्र झाले की पडणे आपोआप एकत्र होते. लोक पडण्याकडेच लक्ष देत राहतात आणि महिनोन्महिने तीच चूक घोटतात.

सावधान : तर्जनीची कड पहिल्या पंधरवड्यात थोडी हुळहुळते, ते चालते. पण मनगट किंवा कोपर दुखते असे मूल म्हणाले, तर त्या दिवसाचा रियाज बंद करून हात कसा ठेवला आहे ते पाहावे. ‘सहन कर, सवय होईल’ हे वाक्य इथे लागू नाही.

टप्पा ४ : पहिला कायदा, ठेक्याच्या आधी

इथे माझे आणि अनेकांचे पटत नाही. पुष्कळ ठिकाणी मुलाला आधी केहरवा किंवा दादरा देतात, कारण तो गाण्याबरोबर लगेच वाजवता येतो आणि पालकही खूश होतात. अडचण अशी की ठेका वाजवताना मुलाचा कान गाण्याकडे असतो, बोलाकडे नसतो. अर्धवट निकासही गाण्यात खपून जातो. कायद्यात, म्हणजे ठरावीक बोलांच्या बांधलेल्या रचनेत, काहीही खपत नाही. म्हणून आधी हा दिल्ली बाजाचा (दिल्लीच्या वादनशैलीचा) कायदा :

धा धा ते टे | धा धा तू ना | ता ता ते टे | धा धा धी ना

एका मात्रेला एक बोल धरला, तर हे बरोबर १६ मात्रांचे आवर्तन होते, म्हणजे टप्पा १ मधली टाळी जशीच्या तशी लागू पडते. शिवाय तिसऱ्या खंडात, नेमका जिथे काल येतो तिथे, डावा हात थांबतो. काल म्हणजे काय हे मुलाला यापूर्वी हाताच्या खुणेने सांगितलेले असते. आता डग्ग्याचा घुमारा गेल्यावर त्याला ते ऐकू येते.

वाजवण्याचा क्रम : प्रथम टाळी देत पढंत (बोल तोंडाने म्हणणे), मग फक्त उजवा हात पुडीवर आणि सोबत पढंत, मग दोन्ही हात आणि पढंत, आणि शेवटी तोंड मिटून. मूल चुकले की चौथ्या पायरीवरून तिसरीवर यावे. पुन्हा पहिल्यापासून वाजवून घेणे ही शिक्षा असते, दुरुस्ती नसते. चुकलेला खंड तेवढा काढून तोच आठ-दहा वेळा वाजवावा, मग मागचा खंड जोडावा.

महिनाभराने पहिला पलटा, म्हणजे त्याच बोलांची फेररचना, द्यावा :

धा धा ते टे | धा धा ते टे | धा धा ते टे | धा धा तू ना
ता ता ते टे | ता ता ते टे | धा धा ते टे | धा धा धी ना

यात नवा बोल एकही नाही. ‘धा धा ते टे’ किती वेळा आले याचे भान ठेवणे एवढेच नवे आहे. मूल हमखास एकदा जास्त वाजवते. त्याला चूक दाखवण्यापेक्षा ‘समेवर कुठे पोचलास?’ असे विचारावे. ते स्वतःच हसते आणि पुन्हा सुरू करते.

‘तिरकिट’ या टप्प्यात देऊ नये. मुले ते मोठ्या मुलांकडून ऐकून आलेली असतात आणि वेगाच्या आकर्षणाने आपापले वाजवतात. त्यात उजव्या हाताचे तीन आणि डाव्याचा एक आघात चटकन यावा लागतो. ‘ते-टे’ समतोल झाल्याशिवाय तिरकिट म्हणजे नुसती खडखड.

टप्पा ५ : ठेके आणि लेहरा

आता तीनताल वाजवायला घ्यावा. तोंडात तो चार-पाच महिन्यांपासून असतो, त्यामुळे हातात यायला दोन-तीन आठवडे लागतात. त्यानंतर दादरा (धा धी ना | धा ती ना) आणि केहरवा (धा गे ना ती | न क धी न).

लेहऱ्याची (तालाच्या आवर्तनात फिरत राहणाऱ्या धुनेची) साथ याच टप्प्यावर सुरू करावी. मोबाइलवर लेहऱ्याची ॲप मिळतात. त्यांत तीन गोष्टी जमवाव्यात. ताल तीनताल, लय ७०च्या आसपास, आणि पट्टी तबल्याची. लेहरा काळी एकमध्ये आणि तबला उतरून पांढरी एकला आलेला, असे पुष्कळ घरांत रोज चालू असते आणि कुणाच्या ध्यानात येत नाही. मुलाचा कान या वयात घडत असतो. तबल्याचा सूर ऐकून लेहऱ्याची पट्टी त्यावर आणावी. दर वेळी हातोडी काढू नये.

पहिले पंधरा दिवस लेहरा चालू असताना वाजवायचे नाही, फक्त टाळी द्यायची आणि सम ओळखायची. मग चार आवर्तने वाजवायचे, चार आवर्तने नुसते ऐकायचे. आवर्तने ऐकून पुन्हा समेवर उचलणे हे सलग वाजवण्यापेक्षा कठीण आणि अधिक उपयोगी आहे.

दुगुन त्यानंतरच. दुगुन म्हणजे जलद वाजवणे असे मुलांना वाटते. टाळी त्याच लयीत ठेवून दर मात्रेला दोन बोल म्हणायला लावावे. टाळीचा वेग वाढला, तर ती दुगुन नव्हे, धावाधाव झाली.

सावधान : गणेशोत्सवात आरतीला मुलाला तबल्यावर बसवण्याचा मोह होतो. बसवायला हरकत नाही, पण झांजा आणि टाळ्यांच्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मूल जोर लावते, बोटे सुटतात आणि पंजा आपटू लागतो. दहा दिवसांत लागलेली ही सवय निघायला दिवाळी उलटते. त्याला एक-दोन आरत्यांपुरतेच बसवावे आणि दुसऱ्या दिवशी रियाजाची सुरुवात फक्त ‘ना’ने करावी.

वही लिहिताना होणारी एक ठरावीक चूक

बोल वहीत लिहून घेण्याची सवय चांगली. मात्र ताललिपी दोन आहेत आणि त्यांची चिन्हे एकमेकांशी फसवणूक करतात. भातखंडे पद्धतीत समेला × आणि कालाला ० लिहितात. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि कालाला + लिहितात. एका पुस्तकातला × आणि दुसऱ्यातला + मुलाच्या अक्षरात अगदी सारखे दिसतात, आणि मग ते कालावर टाळी देऊ लागते. वहीच्या पहिल्या पानावर आपण कोणती पद्धत वापरतो ते मोठ्या अक्षरात लिहावे आणि आंतरजालावरून उतरवलेले काहीही आधी त्या पद्धतीत आणून मगच वहीत घ्यावे.

टप्पा ६ : परीक्षा कधी द्यावी

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची चढण प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण अशी आहे आणि परीक्षा वर्षातून दोन सत्रांत होतात. त्यामुळे ‘हे सत्र चुकले तर काय’ ही भीती अनाठायी आहे. पुढचे सत्र सहा महिन्यांवर असते. मूल नवीन असताना अभ्यासक्रम समोर ठेवून शिकवले, की त्याला दहा गोष्टी थोड्या थोड्या येतात आणि एकही नीट येत नाही. मी एवढेच पाहतो : अभ्यासक्रमातला प्रत्येक ताल मुलाला टाळी देऊन, ठाय (मूळ) लयीत आणि दुगुनीत, न अडखळता म्हणता येतो का? येत असेल, तर वाजवण्याच्या तयारीला तीन महिने पुरतात. येत नसेल, तर अर्ज भरू नये.

परदेशातल्या आणि ऑनलाइन शिकणाऱ्या मुलांसाठी

अमेरिकेत, युरोपात किंवा आखातात राहणाऱ्या मराठी घरांतली अनेक मुले पडद्यावरून शिकतात. तीन अडचणी नेहमीच्या आहेत. आवाज पोचायला क्षणभर उशीर लागतो, म्हणून गुरुजींनी तिकडून लेहरा लावून मुलाने इकडे वाजवणे शक्य होत नाही. लेहरा मुलाच्याच बाजूला लावावा. दुसरे, झूमसारख्या ॲपना तबल्याचा नाद म्हणजे गोंगाट वाटतो आणि ती तो कापून टाकतात. ‘ओरिजिनल साउंड’ चालू केल्याखेरीज गुरुजींना ‘ना’ आणि ‘ते’ यांतला फरक ऐकू येणार नाही. तिसरे, कॅमेरा मुलाच्या चेहऱ्यासमोर ठेवतात. तो उजव्या बाजूने थोडा वर, दोन्ही पुड्या दिसतील असा ठेवावा. चेहरा दिसला नाही तरी चालतो.

वाद्याची देखभाल : पालकांचे काम

ओल्या हाताने पुडीला स्पर्श नको. घामासाठी तळहाताला थोडी पावडर चालते, पण शाईवर तिचे थर साचू देऊ नयेत; रियाजानंतर कोरड्या मऊ कापडाने पुसावे. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, हवेतल्या ओलाव्याने पुडी सैल पडते आणि तबला उतरतो. म्हणून वाद्य भिंतीपासून दूर, गवसणीत आणि जमिनीवर थेट न ठेवता पाटावर ठेवावे. उन्हात वाळवायला ठेवू नये. उलट थंड देशांत हीटर चालू असलेल्या कोरड्या खोलीत पुडी इतकी ताणते की ती फाटूही शकते. तिथे तबला हीटरपासून लांब ठेवावा.

सुरात लावणे मुलाकडे देऊ नये. पालकांनी गुरुजींसमोर एकदा शिकून घ्यावे. गजऱ्यावर वरून हातोडी मारली की सूर चढतो, खालून मारली की उतरतो; फरक मोठा असेल, तर वाद्यांखालचे, म्हणजे बाजूच्या चामडी पट्ट्यांखालचे, लाकडी गठ्ठे खाली सरकवून चढवतात आणि वर सरकवून उतरवतात. एका घरावर मारल्यावर त्याच्या समोरच्या घरावर जावे, शेजारच्या नव्हे. नाहीतर पुडी एका बाजूला ओढली जाते. हातोडी चाटेवर किंवा शाईवर निसटली, तर दुरुस्तीचा खर्च नव्या पुडीइतका होतो, म्हणून दुसऱ्या हाताचा तळवा पुडीवर आडवा धरूनच मारावे.

शाईचा टवका उडाला, तर तो घरी चिकटवण्याचा प्रयत्न करू नये, आणि उडालेल्या पुडीवर ‘सध्या चालवून घे’ म्हणून मुलाला बसवूही नये. पुडी बदलून येईपर्यंत आठ दिवस पढंत आणि टाळी चालू ठेवावी. वाद्य परत आल्यावर ते मूल आधीपेक्षा चांगले वाजवते, असे मी अनेकदा पाहिले आहे.